पस्तिसावा हिस्सा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून पोरे दारोदार ओढत नेतात आणि हक्काने बोजारा मागतात. चांगला सुतार त्या वीतभर लाकडात शिंगांचा बाक आणि वशिंडाचा उठाव असा काही साधतो, की बैल पारखणारा म्हाताराही घटकाभर थांबतो. तेव्हा मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रतिकृती करण्याचा नाद काही परदेशातून आपल्याकडे आलेला नाही. तरीही निवृत्तीनंतर मी फुलसावंगीच्या घरात प्लास्टिकचे रणगाडे जोडू लागलो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला होता, ‘काय साहेब, नातवासाठी का?’ नातवासाठी नाही हो, माझ्यासाठीच. बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशाची बेरीज जुळवली. आता स्वतःच्या हाताने काही जुळवावे म्हटले.

या छंदात १:३५ हे प्रमाण सर्वमान्य आहे. पस्तीसच का, या प्रश्नाचे उत्तर मजेदार आहे. जपानमधल्या शिझुओकाची तामिया ही मूळची लाकूड कापणारी कंपनी. १९६०च्या सुमारास तिने जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढायचे ठरवले. मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावल्या पाहिजेत, एवढाच आकाराचा हिशेब होता. नंतर मोजून पाहिले तर तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसावा हिस्सा भरला. पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झाले. हिशेब आधी आणि तत्त्व मागून, हे मला बँकवाला म्हणून फार ओळखीचे वाटले.

संच निवडताना नवशिक्यांचा डोळा हमखास जर्मन टायगरवर जातो. खोक्यावरचे चित्रच तसे असते. माझे म्हणणे, पहिल्या खेपेस तो घेऊ नये. त्याची चाके एकात एक गुंतलेली असतात; चाके घासता घासता उत्साह आटतो आणि खोके माळ्यावर जाते. त्यापेक्षा अमेरिकन शर्मन किंवा स्टुअर्ट बरा. भाग आवाक्यातले आणि रंग बहुधा एकच, ऑलिव्ह हिरवा. पट्टे सलग रबरी असलेले घ्यावेत. कडी कडी जोडण्याचे पट्टे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. बरा संच काही हजारांना पडतो, म्हणून दोघातिघांत मिळून एक घेतला तरी चालते. हत्यारे घरातलीच: नेलकटर, बारीक पॉलिश पेपर, कपड्यांचे चिमटे, दात कोरायच्या काड्या. या कामाचा गोंद चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो; म्हणून थेंब लहान हवा आणि खिडकी उघडी हवी. चिखल दाखवायचा तर रंगीत खडूची भुकटी पुरते. मात्र शकरगढच्या लढाईतल्या रणगाड्याला आपल्याकडची काळी माती फासू नये. तिकडची माती भुरकट.

मी आपल्या इतिहासातलेच रणगाडे निवडतो. दुसऱ्या महायुद्धातले अनेक पुढे भारतीय सैन्यात आले, त्यामुळे निवडीला तोटा नाही. त्यात माझा लाडका स्टुअर्ट. १९४८ साली झोजी ला खिंडीत शत्रू बसला होता आणि लेहची वाट अडली होती. जनरल थिमय्यांनी सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट वर न्यायचे ठरवले. पूल वजन पेलणार नाहीत आणि बातमीही फुटता कामा नये, म्हणून रणगाड्यांचे बुरूज उतरवून वेगळे नेले आणि वर जाऊन पुन्हा बसवले. १ नोव्हेंबर १९४८ रोजी, साडेअकरा हजार फुटांवर, बर्फात रणगाडे दिसताच समोरचे गोंधळले. टेबलावर स्टुअर्टचा वीतभराहून लहान बुरूज बसवताना मला नेहमी वाटते, त्या थंडीत ज्यांनी खरा बुरूज बसवला, त्यांच्या बोटांचे काय झाले असेल?

खरे रणगाडे पाहायचे तर अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला जावे. तिथले रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. मटिल्डा, चर्चिल, शर्मन आणि १९६५ साली पकडलेले पॅटन, सगळे झाडांखाली शांत उभे आहेत. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फमागुस्टा’ नावाचा सेंच्युरियनही नगरलाच लष्कराने जतन केला आहे. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत ते याच रणगाड्यात गेले, तेव्हा वय एकवीस आणि कमिशन मिळून जेमतेम सहा महिने.

आमच्या सूनबाईंचा आक्षेप इथेच आहे. ‘बाबा, पोरांपुढे ही मारायची यंत्रे कशाला मांडता? ट्रॅक्टर करा, रेल्वे करा.’ आक्षेप खोटा नाही. तोफेचे चित्र पाहून पोरगे ‘ढिश्यांव’ करते, हे मी पाहिले आहे. पण तेच पोरगे सेंच्युरियनचे झाकण जोडू लागते तेव्हा विचारते, ‘आजोबा, आत किती जण?’ चार. ‘आग लागली तर बाहेर कुठून पडायचे?’ याच भोकातून. मग ते जरा वेळ गप्प बसते. सिनेमात एवढी शांतता मी पाहिलेली नाही. सूनबाईंना हे उत्तर पुरेसे वाटत नाही, आणि आमचा वाद अजून चालू आहे.

मला खरी चिंता वेगळीच आहे आणि ती याच गावातली आहे. ऑगस्ट २०२१मध्ये, स्वातंत्र्यदिनाला चार-पाच दिवस असताना, फुलसावंगीतला चोवीस वर्षांचा एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. वेल्डिंगचे काम करणारा, आठवीपर्यंत शिकलेला. मारुती ८००चे इंजिन बसवून, दोनेक वर्षे खपून त्याने ते यंत्र उभे केले होते. पाते तुटले आणि घात झाला. तेव्हा बातम्या देशभर गेल्या. कुणी ‘वेडे धाडस’ म्हटले, कुणी चित्रपटातल्या नायकाशी तुलना केली. दोन्ही मला पटत नाही. हातात एवढे कसब असलेल्या माणसाला गणित सांगणारे जवळपास कोणी नव्हते, ही त्यातली खरी गोष्ट आहे.

कारण लहान-मोठ्याचे गणित सरळ नसते. लांबी पस्तिसावा हिस्सा केली तर वजन पस्तिसावा हिस्सा होत नाही, बेचाळीस हजार आठशे पंचाहत्तरावा होते. पन्नास टनी सेंच्युरियन भरीव धातूत तसाच लहान केला तर सव्वा किलोच्या आत भरेल. उलट दिशेने हेच अंगावर येते. पाते सर्व अंगांनी दुप्पट केले की वजन आठपट. आणि त्याच गतीने फिरवले तर मुळाशी बसणारा ताण चौपट. हे कागदावर दहा मिनिटांत समजते. टेबलावरच्या मॉडेलचे पाते मोडून दाखवले तर जन्मभर लक्षात राहते.

माझ्या रणगाड्यांनी त्या मुलाला वाचवले असते, असा दावा मी करणार नाही. प्लास्टिकचा रणगाडा उडायला शिकवत नाही. पण संचासोबतचा तो अक्षराविना नकाशा, म्हणजे बाणांनी आणि आकड्यांनी कुठला भाग कुठे ते सांगणारा कागद, यंत्राचे ड्रॉइंग वाचण्याची पहिली इयत्ता नक्की आहे. २०१६पासून सरकारने शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, उत्तम. पण ज्याने आठवीनंतर शाळा सोडून गॅरेज धरले, त्याने कुठे जायचे? त्याचा दिवस सुटतो तेव्हा शाळेला कुलूप असते. ती खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी गॅरेजच्या, वेल्डिंगच्या, मोटर वाइंडिंगच्या पोरांना उघडी ठेवा आणि आयटीआयचा एखादा निवृत्त निदेशक मानधनावर बसवा. कर्जाच्या फायली वाचण्यात आयुष्य गेले म्हणून सांगतो, यात खर्च फारसा नाही, किल्ली कोणाकडे राहील एवढाच खरा प्रश्न असतो.

तोपर्यंत माझ्या ओसरीवर सोय आहे. सध्या स्टुअर्ट चालू आहे. दोन पोरे रात्री आठनंतर हात धुऊन येतात, ग्रीस पुरते निघत नाही ते नाहीच. काल एकाने डाव्या पट्ट्याचे चाक उलटे बसवले, दुसऱ्याने नकाशावर बोट ठेवून ते दाखवले, आणि गोंद वाळायच्या आत दोघांनी मला न विचारताच ते काढले.