रुग्णवाहिका कोणी पाठवायची?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणकोणत्या नोकऱ्या जाणार, याच्या याद्या आपल्याकडे सतत प्रसिद्ध होत असतात. त्या याद्यांमध्ये वाहने पाठवण्याचे काम करणारा माणूस क्वचितच दिसतो. एसटीच्या स्थानकावर तो वाहतूक नियंत्रक असतो, रेल्वेत सेक्शन कंट्रोलर, आणि १०८ च्या प्रतिसाद केंद्रात तर केवळ एक आवाज. कोणते वाहन, कोठे, केव्हा आणि कोणासाठी पाठवायचे हे तो ठरवतो. या कामात आता यंत्राचा शिरकाव झाला आहे. तेव्हा यातला नेमका कोणता भाग यंत्राकडे द्यावा, हे आजच ठरवायला हवे. माझ्या मते हा प्रश्न नोकऱ्यांच्या प्रश्नापेक्षा अधिक निकडीचा आहे, कारण येथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते.

आकडेमोडीचा भाग यंत्राकडे जाऊन बराच काळ लोटला. १९५९ मध्ये जॉर्ज डँटझिग आणि जॉन रॅमसर यांनी पेट्रोल वाहून नेणाऱ्या ट्रकांचे मार्ग कसे आखावेत यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याचे शीर्षकच ‘ट्रक डिस्पॅचिंग प्रॉब्लेम’ असे होते. त्याच वर्षी एड्स्गर डायक्स्ट्रा यांची सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत प्रसिद्ध झाली. दहा ठिकाणांना भेट देण्याचे ३६,२८,८०० क्रम संभवतात. वीस ठिकाणांसाठी ही संख्या एकोणीस अंकी होते. इतके पर्याय मनात तोलणे कोणाही माणसाला शक्य नाही, आणि हे ओझे त्याच्या डोक्यावरून उतरले याचे दुःख करण्याचेही कारण नाही.

परंतु वाहन पाठवणे म्हणजे जवळचा मार्ग शोधणे नव्हे. जवळचे वाहन पाठवणे हाच नेहमी सर्वोत्तम निर्णय असतो, असेही नाही. कार्टर, चायकेन आणि इग्नॉल यांनी १९७२ मध्येच हे गणिताने दाखवून दिले होते. तालुक्यात दोनच रुग्णवाहिका असतील आणि त्यांपैकी गर्दीच्या भागातली एक साध्या तक्रारीसाठी दूर धाडली, तर पुढच्या दहा मिनिटांत येणारा गंभीर फोन उघड्यावर पडतो. अनुभवी नियंत्रक हे सूत्रावाचून जाणतो आणि एक गाडी हातची राखून ठेवतो. आता यंत्रेही जुन्या नोंदींवरून मागणीचा अंदाज बांधून गाड्या आधीच योग्य जागी उभ्या करू शकतात. ही खरोखरच मोठी सोय आहे.

मात्र त्या नोंदी कशाच्या असतात? आलेल्या फोनांच्या. जेथे मोबाइलला रेंज नाही, जेथे गाडी वेळेवर येईल असा लोकांना भरवसा नाही, जेथे बाळंतिणीला शेजाऱ्याच्या जीपमधून नेण्याचीच रीत आहे, तेथून फोन येत नाहीत. यंत्राच्या लेखी अशा पाड्यावर आजारच नसतो. म्हणून गाडी तेथून दूर उभी राहते. ती दूर असते म्हणून उशिरा पोचते. उशिरा पोचते म्हणून लोक आणखी कमी फोन करतात. पुढल्या वर्षी यंत्र याच नोंदींवरून पुन्हा शिकते. दुर्लक्षाला आकडेवारीचा आधार मिळाला की त्याविरुद्ध बोलणे अवघड होते. देशात १०८ ची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे एकेका राज्यात पसरली. त्यामुळे नोंदींचा साठा आता मोठा आहे. पण साठा मोठा झाला म्हणजे तो पूर्ण झाला असे होत नाही.

खरा बदल ऐकण्याच्या कामात होतो आहे. यासंबंधीचा सर्वांत उद्बोधक पुरावा डेन्मार्कमधून आला. कोपनहेगनच्या आपत्कालीन केंद्रातील २०१४ सालच्या १,०८,६०७ फोनांच्या ध्वनिमुद्रणांवर एका यंत्रप्रणालीची परीक्षा घेतली गेली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या फोनांपैकी ९१८ हृदय बंद पडल्याचे होते. माणसांनी त्यांतले ७२.५ टक्के ओळखले, यंत्राने ८४.१ टक्के. बातम्या बहुधा येथेच संपतात. त्याच निबंधातला दुसरा आकडा असा की, माणसाने ‘हृदय बंद पडले’ म्हटले तेव्हा ते ३३ टक्के वेळा खरे होते, तर यंत्राच्या बाबतीत २०.९ टक्के वेळाच. विद्यार्थ्यांनी हे गणित कागदावर मांडून पाहावे: यंत्राने शंभराहून थोडे अधिक रुग्ण जादा ओळखले आणि त्यासाठी सुमारे दीड हजार खोटे इशारे जादा दिले. जेथे गाड्या आणि माणसे पुरेशी आहेत तेथे हा सौदा फायद्याचा ठरेल. जेथे एका गाडीवर अनेक गावे अवलंबून आहेत, तेथे प्रत्येक खोटा इशारा कोणा दुसऱ्या रुग्णाच्या वाट्याची मिनिटे खातो.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. याच केंद्रात नंतर यादृच्छिक पद्धतीने चाचणी झाली: काही फोनांत यंत्राचा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर दाखवला, काहींत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार इशारा मिळालेल्या गटात ९३.१ टक्के रुग्ण ओळखले गेले, न मिळालेल्या गटात ९०.५ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. ध्वनिमुद्रणांवर सरस ठरलेले यंत्र माणसाच्या हाती दिल्यावर त्या माणसाचे काम फारसे सुधारले नाही. असे का व्हावे? इशारा किती लवकर येतो, नियंत्रकाचा त्यावर किती विश्वास बसतो, समोर रडणाऱ्या माणसाशी बोलताना पडद्याकडे पाहण्याची उसंत मिळते की नाही, अशी अनेक कारणे संभवतात. यंत्राची अचूकता आणि त्या यंत्रासह चालणाऱ्या सेवेची गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेगवेगळ्याच मोजल्या पाहिजेत.

आपल्याकडे तर ही मोजणी अधिकच बिकट. ११२ किंवा १०८ लावणारा माणूस पत्ता सांगत नाही, खुणा सांगतो: मारुतीच्या देवळामागे, जुन्या रेशन दुकानाच्या बोळात. तो अहिराणीत बोलतो, भोजपुरीत बोलतो, गोंडीत बोलतो, आणि घाबरलेला असल्याने वाक्य अर्धवट सोडतो. ‘भाषिणी’सारखे उपक्रम भारतीय भाषांसाठी वाक्-तंत्रज्ञान उभे करीत आहेत. टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला. त्यात देशाची साधारण चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत विभागणी करून प्रत्येकाला दहा अक्षरांकांचा संकेत दिला आहे. दोन्ही प्रयत्न स्तुत्य आहेत. पण धापा टाकत बोलणाऱ्या म्हातारीला आपला संकेत आठवणार नाही. ‘देऊळ कुठलं, आजी? शाळेजवळचं की ओढ्याकाठचं?’ असे विचारणारा आवाज तिला अजून बराच काळ लागेल.

ज्या क्षेत्रात हा आवाज पूर्णपणे काढून टाकला गेला, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. टॅक्सी आणि घरपोच सेवेच्या ॲपांत वाहन पाठवणारा माणूसच उरलेला नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात अशा प्रकारचे सुमारे ७७ लाख कामगार असल्याचा, आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज वर्तवला होता. पूर्वी रिक्षावाला मुकादमाशी भांडत असे. मुकादम पक्षपातीही असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला तोंड होते, ‘का?’ असे विचारता येई. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात स्वयंचलित निर्णयप्रणालींविषयी कामगारांना माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. ही सुरुवात आहे, आणि ती इतर राज्यांनी उचलावी.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी वाहने पाठवण्याचे काम संगणकावर सोपवले होते. गाड्या नेमक्या कोठे आहेत हे प्रणालीला नीट कळेना. एकाच ठिकाणी एकाहून अधिक गाड्या पोचल्या, इतरत्र रुग्ण ताटकळले. दुसऱ्याच दिवशी काम अंशतः हाताने करावे लागले आणि ४ नोव्हेंबरला प्रणाली पूर्णच बंद पडल्यावर कारभार पुन्हा कागदावर आला. तो येऊ शकला, कारण कागदावर काम करता येणारी माणसे त्या खोलीत अजून होती. म्हणूनच आपल्या राज्य सरकारांनी अशी प्रणाली विकत घेण्यापूर्वी तीन अटी घालाव्यात असे मला वाटते. स्थानिक बोलींतील फोनांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष, खोट्या इशाऱ्यांच्या प्रमाणासह, जाहीर व्हावेत. यंत्राचा सल्ला डावलण्याचा अधिकार नियंत्रकाला असावा आणि डावलल्याचे कारण नोंदले जावे. त्या नोंदीतूनच यंत्र पुढे शिकेल. आणि महिन्यातून एक पाळी तरी यंत्र बंद ठेवून, केवळ फोन, नकाशा आणि वायरलेसवर सेवा चालवून पाहावी.