बाबांच्या चौकटीतला मामा

नात्यातल्या गटावर, सोसायटीच्या गटावर आणि शाळेच्या मैत्रिणींच्या गटावर या आठवड्यात एकच मजकूर फिरतोय. इंग्लंडात धार्मिक शाळांमधून चिमुरड्या मुलांना घाणेरडं काहीबाही शिकवायची सक्ती झाली, मुस्लिम आईबापांनी रस्त्यावर उतरून ती हाणून पाडली, आता आपणही आपल्या कॉन्व्हेंटांवर नजर ठेवू या, असा त्याचा सूर. खाली जोडलेल्या हातांची रांग. फिरत्या मजकुरांना मी इथे उत्तरं देत नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. पण हा मजकूर ज्यांनी पुढे ढकलला त्यांत दोन शिक्षिका आहेत आणि एक शाळासमितीवर आहे. उद्या या बायका वर्गात आणि बैठकीत बसून निर्णय घेणार, म्हणून आज गप्प बसवत नाही.

आधी काय घडलं ते. २०१९ साली बर्मिंगहॅममधल्या पार्कफिल्ड या प्राथमिक शाळेबाहेर पालकांनी निदर्शनं केली. ही शाळा धार्मिक नव्हेच. सरकारी पैशावर चालणारी साधी शाळा, मुलं मात्र बहुतेक मुस्लिम घरांतली. तिथले साहाय्यक मुख्याध्यापक अँड्र्यू मॉफॅट यांनी 'नो आउटसायडर्स' नावाचा पाठक्रम बसवला होता. शाळेत कुणी परकं नाही, मग त्याचा रंग, धर्म, अपंगत्व, घर काहीही असो, असा त्याचा गाभा. मार्चमधल्या एका शुक्रवारी शेकडो मुलं घरी ठेवली गेली. शाळेने पाठ थांबवले, पालकांशी बोलणी केली आणि त्याच वर्षी सुधारित रूपात ते पुन्हा सुरू केले. शहरातल्या अँडर्टन पार्क शाळेसमोर प्रकरण चिघळलं, तेव्हा नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने फाटकाशी निदर्शनं करायला मनाई केली. सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडच्या सगळ्या प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं झालं. संसदेत त्याच्या बाजूने ५३८ मतं पडली, विरोधात २१. म्हणजे कुणीही काहीही हाणून पाडलेलं नाही.

आता त्यातलं 'घाणेरडं' काय ते बघू. सरकारी मार्गदर्शिकेत लिहिलंय की घरं निरनिराळी असतात: कुठे एकटी आई किंवा एकटा बाप, कुठे आजी-आजोबा मुलांना वाढवतात, कुठे दत्तक आईबाप, कुठे दोन आया किंवा दोन बाबा. ज्यावरून एवढं रान उठलं त्या पुस्तकांतलं एक पेंग्विनचं आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात दोन नर पेंग्विनांनी मिळून एक अंडं उबवलं, पिल्लू वाढवलं, ही खरी घडलेली गोष्ट त्यात चित्रांतून सांगितली आहे. मी ते पुस्तक वाचलंय. शरीरसंबंधाचा त्यात एक शब्द नाही. लैंगिक शिक्षण हा तिथे वेगळा विषय आहे आणि त्यातून मुलाला बाहेर काढायची मागणी पालक करू शकतात. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाचं घर कसं आहे, या माहितीतून कुणाला सुटका नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

इंग्लंडात सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांपैकी सुमारे एक तृतीयांश शाळा कोणत्या ना कोणत्या धर्माशी जोडलेल्या आहेत. बहुतांश चर्चच्या, काही ज्यू, मुस्लिम, शीख. लंडनच्या हॅरो भागात २००८ साली कृष्ण-अवंती ही सरकारी पैशाने चालणारी पहिली हिंदू शाळा निघाली. तिकडच्या मराठी घरांत या शाळांची नावं जेवणाच्या टेबलावर असतात, कारण प्रवेश मिळणं सोपं नाही. या सगळ्या शाळांना नातेसंबंधांच्या शिक्षणाचा तोच कायदा लागू आहे. आपल्या धर्माची भूमिका मुलांना सांगायची मुभा शाळेला आहे, पालकांशी आधी चर्चा करायचं बंधनही आहे. चर्च ऑफ इंग्लंड आजही दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न लावत नाही. पण त्याच चर्चने २०१४ मध्ये आपल्या शाळांसाठी मार्गदर्शिका काढून बजावलं की समलिंगी म्हणून कुणा मुलाला चिडवणं, छळणं चालणार नाही. स्वतःची श्रद्धा जागेवर ठेवून मुलाची बाजू घेता येते, याचा हा चांगला दाखला आहे.

बर्मिंगहॅमच्या पालकांचा मला राग येत नाही, हेही सांगते. आम्हाला न विचारता आमच्या मुलांना काही शिकवलं, ही तक्रार कुठल्याही आईच्या तोंडी शोभेल अशीच आहे. परक्या देशात, आधीच संशयाने बघितलं जात असताना, आपली मुलं हातून निसटतील ही भीती खोटी नव्हती. शाळेने त्यांना आधी बोलवायला हवं होतं, चहा पाजायला हवा होता, पुस्तकं त्यांच्या हातात द्यायला हवी होती. पण फाटकाशी कर्णे लावून आरडाओरडा करायचा आणि आतल्या सहा-सात वर्षांच्या पोरांनी तो ऐकत बसायचं, हे मला कुठल्याही धर्माच्या नावाने पटणार नाही. त्या पोरांत एखादं दोन आयांचं असेल, त्याने काय ऐकलं असेल?

आणि आपल्याकडे? आमच्या इमारतीत दुसरीतली एक मुलगी आहे. आई आणि आजीबरोबर राहते, वडील ती वर्षाची व्हायच्या आत सोडून गेले. मिशनची शाळा, चांगली शाळा, शिक्षिका मायाळू. परवा तिची आई रंगीत प्रिंट काढायला माझ्याकडे आली. शाळेतून झेरॉक्स केलेला कागद आला होता: 'माझे कुटुंब', मधोमध झाड, झाडावर चार चौकोन, त्यांत छापलेलं आजोबा, आजी, आई, बाबा. मुलीने बाबांच्या चौकोनात मामाचा फोटो चिकटवला होता. मामा दर रविवारी येतो, सायकल शिकवतो, तापात दवाखान्यात नेतो, तर तिने विचार करून लावलेला फोटो. डिंक थोडा जास्त झाला होता, कडेला वाळून पिवळा पडला होता. त्या फोटोभोवती लाल पेनाने गोल आणि खाली शेरा: वडिलांचा फोटो लावा. आई कपाटातून जुन्या लग्नाच्या अल्बममधला फोटो काढून, त्यातली स्वतःची अर्धी बाजू कापून, तो छापून मागत होती. मी छापून दिला नाही. शेजारी बसवून शाळेला चिठ्ठी लिहायला लावली.

मुलगी तोवर माझ्या दाराशी उभी होती. तिने मला विचारलं, "मामा चुकला का?" मी तिला सांगितलं की मामा अजिबात चुकला नाही.

त्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. पन्नासेक मुलांचा वर्ग, वर्षानुवर्षं चालत आलेला कागद, तपासायचे गठ्ठे. पण तो कागद बनवताना कुणाच्या डोळ्यांसमोर कुठलं घर होतं? ज्या वर्गात विधवेचा मुलगा आहे, घटस्फोटितेची मुलगी आहे, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ राहिलेला पोर आहे, दत्तक घेतलेलं मूल आहे, त्या वर्गाला हा कागद सांगतो की तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं घर अपुरं आहे. कायदा कधीच पुढे गेलाय. एकट्या बाईला दत्तक घेता येतं. लग्न न झालेल्या आईला मुलाच्या पालकत्वासाठी बापाचं नाव सांगायची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने लिहिलं की एकट्या पालकाचं घर, समलिंगी जोडीदारांचं घर, हीसुद्धा कुटुंबंच आहेत. पुढच्याच वर्षी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं त्याने नाकारलं, हेही खरं. पण लग्नाला मान्यता नाही म्हणून त्या घरातलं मूल शाळेत यायचं थांबत नाही. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येणार आहे. दाखल्याचा नियम बदलला आणि वर्गातला झेरॉक्स तसाच राहिला.

धर्माची शाळा आहे म्हणून हे जमणार नाही, असं कुणी म्हटलं की मला त्यांच्याच ग्रंथांकडे बोट दाखवावंसं वाटतं. योसेफाने जे मूल वाढवलं ते त्याचं नव्हतं. पैगंबरांचे वडील जन्माआधीच गेले, आई लहानपणी गेली, आजोबांनी आणि मग चुलत्यांनी त्यांना सांभाळलं. कृष्ण यशोदेकडे वाढला. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकामाला गुरूने गोत्र विचारलं. त्याने आईचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं की त्याचं गोत्र कोणतं ते तिला ठाऊक नाही, आणि गुरूने त्याला शिष्य करून घेतलं. प्रवेशाच्या वेळी मुलाला घराबद्दल काय विचारावं आणि उत्तर कसं ऐकावं, याचा याहून चांगला पाठ मला कुठल्या प्रशिक्षणशिबिरात मिळालेला नाही.

या सगळ्यावरून मन पंडिता रमाबाईंकडे जातं, आणि गेलं की तिथेच रेंगाळतं. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. रमाबाई स्वतः कोण होत्या? अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी, दुष्काळात आईबाप गमावलेली, वेगळ्या जातीच्या बंगाली माणसाशी लग्न केलेली, दोन वर्षांच्या आत विधवा झालेली, कडेवर मनोरमा. पुढे इंग्लंडात ख्रिस्ती झालेली. अशी बाई, तिची मुलगी आणि घरच्यांनी केशवपन करून कोपऱ्यात बसवलेल्या बालविधवा, हे सदनातलं घर. एका छपराखाली जेवणं, अभ्यास, आजारपणं, भांडणं. पुण्यातल्या कुठल्याच चौकोनात ते घर बसत नव्हतं.

तिथेही आईबापांनी मुली काढून घेतल्याच. सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली जाऊन बसत. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीसहून जास्त मुली घरी नेल्या. पालकांचं म्हणणं उगाच होतं असं मी म्हणणार नाही. शब्द दिला होता आणि तो मोडल्याची त्यांची भावना होती. आज आपल्या घटनेतलं कलम २८ अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवू देत नाही, आणि ते तसंच असावं. माझं दुखणं दुसरंच आहे. त्या मुलींना परत नेऊन कुठे बसवलं? ज्या घरांनी त्यांना पाटीपासूनही दूर ठेवलं होतं, त्याच घरांत. आपला धर्म राखायच्या घाईत मुलीचं शिक्षण गेलं आणि ज्या एका ठिकाणी विधवा असणं हा गुन्हा नव्हता ते ठिकाणही गेलं. त्याच वर्षी सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई, धोंडो केशव कर्व्यांच्या घरी लग्न होऊन गेली, आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. विधवेचं लग्न, विधुराचा मुलगा, नवी आई: तेही तेव्हा 'वेगळं' कुटुंबच. आज कर्व्यांच्या नावाची शाळा, रस्ते आहेत.

फुल्यांचंही तसंच. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला प्रत्येक शाळेत हार पडतो. मुलं पाठ केलेली भाषणं म्हणतात. त्यांतल्या किती भाषणांत असतं की त्यांचा यशवंत एका ब्राह्मण विधवेचा मुलगा होता, त्यांनी तो दत्तक घेतला, डॉक्टर केला? जोतीरावांच्या अंत्यविधीला नातलगांनी यशवंताच्या हक्कावरून वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. दत्तक मुलाच्या मागे आई कशी उभी राहते, ते वर्गात सांगायला याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही. दत्तक मूल वर्गात बसलेलं असताना आपण ते गाळतो.

दोन आयांचं, दोन बाबांचं घर आपल्या शाळांना अजून अवघड वाटतं. त्यावरही माझं मत लपवून ठेवत नाही. वर्गात असं मूल असेल तर शिक्षिकेने त्याच्या घराबद्दल बाकीच्यांइतक्याच सहजपणे बोलावं. धर्मगुरूंनी त्या नात्याला काय म्हणायचं ते त्यांच्या प्रवचनात म्हणावं. गणवेश घालून बसलेल्या मुलाला त्यातलं काही ऐकावं लागू नये.

जूनमध्ये शाळा उघडतील. मुख्याध्यापकांना, सिस्टरना, मौलानांना, संस्थाचालकांना माझी विनंती आहे: 'माझे कुटुंब'चा जुना कागद फाडून टाका. कोऱ्या कागदावर एवढंच लिहा, तुझ्या घरी कोण कोण राहतं, त्यांची चित्रं काढ. पहिल्या पालकसभेत हा कागद आईबापांना आधी दाखवा, त्यांच्या शंका ऐका, वेळ द्या. आणि त्या मजकूर पाठवणाऱ्या माझ्या दोन शिक्षिका मैत्रिणींनो, लाल पेन उचलण्याआधी मुलाला विचारा की हा फोटो कुणाचा.