महामार्गावरची बुलेट : राजा नव्हे, वाटसरू

आपल्या सीमाभागात हल्ली दोन पंथ उदयाला आले आहेत. पहिला पंथ बुलेटभक्तांचा. त्यांच्या मते बुलेट म्हणजे महामार्गाचा राजा. तिच्या फायरिंगचा आवाज कानी पडताच ट्रकनेसुद्धा अदबीने बाजूला व्हावे! दुसरा पंथ नवमतवाद्यांचा. त्यांच्या मते एक सिलिंडरची ही जुन्या घाटाची गाडी गल्लीत मिरवायला ठीक, महामार्गावर मात्र ते निव्वळ लोढणे. शंभरला थरथरते, एकशेदहाला रडते. घ्यायची तर दोन सिलिंडरचीच घ्यावी. चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत हा वाद मराठीत सुरू होतो, कन्नडमध्ये तापतो आणि निकाल न लागताच उठतो.

निकाल लागत नाही याचे कारण उघड आहे. दोन्ही पक्षांनी महामार्गाचे माप ताशी ११० किलोमीटर असे मनाशी धरले आहे. एक म्हणतो, बुलेट त्या मापाला उतरते. दुसरा म्हणतो, उतरत नाही. हे माप मुळात आणले कोठून, असे कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे सरळ आहे. ताशी ८० च्या मापाने पाहाल तर एक सिलिंडरची ही गाडी आपल्या महामार्गाला चांगली शोभते. ११० च्या मापाने पाहाल तर ती शोभत नाही, आणि त्या मापाने आपला रस्ताही शोभत नाही.

प्रथम कायद्याचे बोलू. केंद्र सरकारने २०१८ साली वेगमर्यादा नव्याने जाहीर केल्या. चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटर, मोटारसायकलला ८०, आणि मालवाहू ट्रकलाही ८०. ही कमाल मर्यादा आहे. स्थानिक फलक याहून कमी सांगत असेल तर तो पाळायचा. म्हणजे ज्या वेगाला आपली गाडी उतरत नाही म्हणून तरुण मंडळी हळहळतात, तो वेग मुळात त्यांना दिलेलाच नाही. न मिळालेल्या वाटणीवरून भाऊबंदकी करण्यासारखा हा प्रकार!

आता यंत्राचे बोलू. मी एम. ए. झालेला माणूस, यंत्रशास्त्र माझा विषय नाही. पण हा हिशेब दहावीच्या मुलालाही जमेल असा आहे. रॉयल एनफिल्डने १९३२ साली इंग्लंडमधील रेडिच येथे बुलेट हे नाव प्रथम वापरले. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि ही गाडी आपली झाली. इंग्लंडातला पहिला मोटारवे, म्हणजे मध्ये चौक नाही, फाटा नाही, पादचारी नाही असा रस्ता, प्रेस्टन गावाजवळ खुला झाला तो १९५८ च्या डिसेंबरात. याचा अर्थ, या घाटाची गाडी जन्मली तेव्हा तास-तासभर एकाच सुसाट वेगाने धावायचा रस्ता तिच्या जन्मभूमीतही नव्हता. गावातून गावात जाणाऱ्या, चढ-उताराच्या, वळणावळणाच्या रस्त्यासाठी ती घडली. तिचे बळ वेगात नाही, ओढण्यात आहे.

२०२१ साली क्लासिक ३५० ला नवे इंजिन आले, २०२३ साली तेच बुलेटलाही मिळाले. ३४९ सीसीच्या या इंजिनाची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती. पण तिची ओढ सर्वांत जास्त असते ती मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या आसपास. पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर, म्हणजे चांगली लांब. ४००० फेऱ्यांना हा पिस्टन मिनिटातून ८००० वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. फेऱ्या ६००० केल्या की ही उलटापालट १२००० वेळा होते, आणि प्रत्येक वेळी बसणारा ताण सव्वादोन पटीने वाढतो. दोन सिलिंडरच्या गाडीत हे ओझे दोघांत वाटले जाते. येथे एकट्यानेच वाहायचे. नव्या इंजिनात हादरे मारण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट बसवला आहे आणि त्याचा गुण पदोपदी जाणवतो, हे मान्यच केले पाहिजे. पण शाफ्टने हादरा कमी होतो, गाडीचा स्वभाव पालटत नाही. वाडवडिलांची बिडाच्या इंजिनाची, चार गिअरची बुलेट अजून कोणी जपली असेल, तर त्याने सत्तरच्या आतच राहावे हे बरे.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. वाऱ्याला कापत जायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून १०० वर गेलात की ती जवळजवळ दुप्पट होते. ११० वर गेलात की अडीचपटीहून अधिक. बुलेटवर माणूस ताठ बसतो, छातीवर वारा घेतो; समोर आडोसा काहीच नाही. वीस अश्वशक्तीतली बहुतेक शक्ती मग पुढे जाण्याऐवजी वाऱ्याशी कुस्ती खेळण्यात खर्ची पडते. म्हणूनच ऐंशीला गुणगुणणारी गाडी एकशेदहाला रडते. तो तिचा दोष म्हणता येत नाही. बैलाला घोड्याच्या शर्यतीत जुंपून वर त्याला मरतुकडा म्हणणारा शेतकरी शहाणा ठरेल काय?

यावर नवमतवाद्यांचा एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, "सर, ऐंशीने जायचे ठीक, पण मागून ट्रक अंगावर आला तर निसटायला हाताशी शिल्लक बळ नको काय?" हवे. आणि ऐंशीच्या पुढे बुलेटजवळ ते बेताचेच असते, हे मी मान्य करतो. पण निसटण्याची वेळ बहुधा कोणावर येते? जो उजव्या पट्ट्यातून जाणाऱ्या मोटारींशी बरोबरी करू पाहतो त्याच्यावर. डाव्या पट्ट्यात ट्रकच्याच चालीने जाणाऱ्यावर ती क्वचित येते, कारण ट्रकची मर्यादाही ८० च आहे. पुढच्या ट्रकला ओलांडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : समोर पुरेशी मोकळी जागा आणि मागे मोकळा आरसा. दोन्ही नसतील तर थांबावे. ज्याला रोजच पाठीमागे माणूस आणि सामान घेऊन लांबचे अंतर तोडायचे आहे, त्याने जरूर दोन सिलिंडरची गाडी घ्यावी. त्याच कंपनीने २०१८ साली ६५० सीसीची इंटरसेप्टर काढली, ती काय उगाच? पण वर्षातून चार-सहा वेळा कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याला जाणाऱ्याने दुप्पट बळासाठी बापाच्या भविष्य निर्वाह निधीला हात घालण्याचे काही कारण नाही.

आता बुलेटभक्तांकडे वळतो, कारण खरा राग मला त्यांचाच येतो. तुमचा राजा ज्या रस्त्यावरून चालतो, तो रस्ता तरी एकदा डोळे उघडून पाहा. पुणे-बेंगळूर महामार्ग, आपल्या तोंडी अजूनही चार नंबरचा, २०१० च्या नव्या क्रमांकानुसार ४८ चा. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर पट्ट्याबाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दुभाजक फोडून केलेल्या वाटेतून म्हैस येते, उलट्या दिशेने दूधवाल्याची दुचाकी येते, काम चालू असेल तेथे रस्ता एकाएकी वळतो. वंटमुरीच्या घाटात माल भरलेले ट्रक चढाला रांगत असतात. याला कोणी मोटारवे म्हणत असेल तर त्याने प्रेस्टनला जाऊन यावे!

अशा रस्त्यावर किती पळतो यापेक्षा किती अंतरात थांबतो हा प्रश्न मोठा. कोरडा रस्ता, चांगले टायर, सराईत हात असे सगळे अनुकूल धरले, भानावर यायला एक सेकंद दिला, तर ८० च्या वेगात गाडी थांबायला ढोबळ मानाने ६० ते ६५ मीटर लागतात. ११० च्या वेगात तेच अंतर ११० मीटरच्या आसपास जाते. अंधारात बिनदिव्याची ट्रॉली ११० मीटरवरून दिसते काय? एबीएस आहे म्हणाल, तर एबीएस चाक घसरू देत नाही. अंतर गिळून टाकत नाही.

आणि हा जिवाचा जुगार खेळून पदरात काय पडते? बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर. सलग ११० ने गेलात तर एक तास, ८० ने गेलात तर एक तास २२ मिनिटे. २२ मिनिटे वाचली, तीही कागदावर! प्रत्यक्षात यातली निम्मी तर हातांना आलेल्या मुंग्या घालवायला धाब्यावर बसण्यात जातात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. बेंगळूर-म्हैसूर मार्गाच्या मुख्य पट्ट्यांवर २०२३ च्या ऑगस्टपासून ती लागू झाली. यावरही भक्तमंडळी खवळतात. समांतर जुना रस्ता नीट राखला जात नसेल तर त्यांची तक्रार मी उचलून धरीन. पण मोटारी जेथे १०० ते १२० ने धावतात तेथे ८० ची गाडी मध्ये असणे कोणाच्याच हिताचे नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाण्यात बुलेटचा अपमान तो कसला? ती घडली आहे तीच मुळी अशा रस्त्यासाठी.

शाळा चालवणाऱ्या माणसाने मोटारसायकलींवर लेख का लिहावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घराघरांत आहे. आपली मुले पुण्याला आणि बेंगळूरला नोकरीला आहेत. गणपतीला, दिवाळीला बसचे तिकीट मिळत नाही म्हणून ती रात्री गाडी काढतात. घरी आई जेवण झाकून ठेवून बसलेली असते. ज्या मुलांची नावे आम्ही हजेरीपटावर लिहिली, त्यांतली काही पुढे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत वाचावी लागतात. ते वाचणे सोपे नसते.

म्हणून आईबापांना माझे सांगणे आहे : मुलगा बुलेट मागत असेल तर ती टाकाऊ म्हणून नाकारू नका, आणि ती राजा आहे म्हणून हौसेने देऊही नका. ताशी ८०, डावा पट्टा, डोक्याला बांधलेले चांगले हेल्मेट, तासाभराने एक थांबा आणि उसाच्या हंगामात रात्रीचा प्रवास नाही, एवढे वचन घ्या आणि मग किल्ली हातात द्या. तरुण मित्रांनो, या दिवाळीला येताना उशीर झाला तरी चालेल. फराळाचे डबे आठवडाभर तरी संपत नाहीत.