लक्ष्मीपूजनाच्या तबकात कोणते नाणे?

दीपावलीतील अमावास्येची सायंकाळ ही आमच्या गृहस्थाश्रमातील परम मंगल घटिका होय. चौरंगावर अक्षतांची रास, तीवर कलश, शेजारी नवी केरसुणी, साळीच्या लाह्या आणि बत्तासे, समोर वर्षाची कोरी वही आणि तबकात घरातील नाणी, अशी मांडणी घरोघरी होते. नाण्यांस हळदकुंकू वाहावयाचे आणि मग वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढावयाचा, ही वडिलोपार्जित रीत. वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या गावात या रीतीस आणखी एक अर्थ आहे. येथे नाण्यास लागणारी हळद परक्या मुलखातून आलेली नसते. जी हळद पूजेत आहे, तिच्याच विक्रीतून ते नाणे घरात आलेले असते. 'वसमत हळद' या नावास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; परंतु या मातीने तो मान फार पूर्वीच मिळवला होता.

अलीकडे मात्र घरातील तरुण मंडळी एका नव्याच नाण्याची गोष्ट काढू लागली आहेत. ते हातात धरता येत नाही, वाजवून पाहता येत नाही. मोबाईलच्या पडद्यावर त्याचा केवळ आकडा दिसतो. त्यास क्रिप्टोकरन्सी, म्हणजे कूटचलन म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या तबकात यासही स्थान द्यावे काय, असा प्रश्न आता घराघरांत निघू लागला आहे. प्रश्न थट्टेने उडवून लावण्याजोगा नाही. कुरुंदकर हे आडनाव ज्या गावाने मराठी विचारविश्वास दिले, त्या गावाने तरी कोणताही प्रश्न मुळापासून तपासल्याविना सोडू नये.

नाणे कोण घडवतो, ते कोण प्रचारात आणतो आणि त्याचे मोल कोण ठरवतो, ही विचारणा आमच्या भागास नवी नाही. निजामाच्या राज्यात येथे हाली शिक्का चालत असे आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. साधारणतः सहा कलदार म्हणजे सात हाली, असा हिशेब मोंढ्यातील आडत्यास आणि शेतकऱ्यास तोंडपाठ असे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, पुढे भारतीय रुपया आला, आणि १९५९ मध्ये हाली चलन व्यवहारातून कायमचे बाद झाले. आमच्या आजीच्या पेटीत चारमिनारच्या छापाचे काही हाली रुपये होते. ते बाजारात चालेनासे झाले, तरी त्यांतील चांदीचे मोल सोनार करीत असे. हाली नोटांच्या कागदात तेवढेही उरले नाही. नाण्याच्या मोलाचे दोन भाग असतात, एक त्यातील द्रव्याचा आणि दुसरा त्यामागे उभ्या असलेल्या वचनाचा, हा धडा आमच्या वाडवडिलांनी अनुभवाने घेतलेला आहे.

आता कूटचलनाकडे वळू. त्यांतील आद्य नाणे बिटकॉइन होय. सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या अज्ञात व्यक्तीने किंवा व्यक्तींनी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एका छोट्या निबंधात त्याची कल्पना मांडली, आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. वही हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. बिटकॉइन म्हणजे वस्तुतः एक खतावणीच होय. कोणी कोणास किती दिले, याची ती नोंद. मात्र ती एका सावकाराच्या गादीवर नसून जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी उतरलेली असते.

साधारणतः दर दहा मिनिटांनी या वहीत एक पान वाढते. ते पान कोणी लिहावे, याची चढाओढ चालते. पानावरील मजकुरावर एक ठराविक गणिती क्रिया केली की एक आकडा निघतो. त्यास त्या पानाची मोहोर म्हणू. ही मोहोर ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान निघावी लागते, आणि तशी काढण्यास युक्ती नाही. एकामागून एक आकडा जोडून अब्जावधी वेळा प्रयत्न करीत राहणे, एवढाच मार्ग. ज्याचा संगणक प्रथम यशस्वी होतो, तो पान लिहितो आणि नव्याने निर्माण होणारी नाणी पारितोषिक म्हणून घेतो. यास 'मायनिंग', म्हणजे खाणकाम म्हणतात. या खाणीत माती नाही, वीज जळते. आणि ती एखाद्या मध्यम आकाराच्या देशास पुरेल इतकी. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची मोहोर असते, म्हणून जुन्या पानात खाडाखोड केली तर पुढील सारी पाने खोटी ठरतात. ही वहीची साखळी बुद्धीने रचलेली आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

नाणी प्रचारात येण्याची रीतही हीच. येथे टांकसाळ नाही आणि सरकारी हुकूमही नाही. प्रारंभी प्रत्येक पानामागे ५० नाणी निर्माण होत. दर २,१०,००० पानांनंतर, म्हणजे सुमारे चार वर्षांनी, ही संख्या निम्मी होते. २०१२ मध्ये ती २५ झाली, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा, आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५. एकूण नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक कधीच होणार नाहीत, असा नियमच घातलेला आहे. आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आधीच निघून चुकली आहेत.

राहिला मोलाचा प्रश्न, आणि खरी मेख येथेच आहे. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील एका गृहस्थाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले. तेच एक नाणे नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरांस गेले, वर्षभरात १६,००० च्या आसपास कोसळले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एक लाख डॉलरांच्या वर चढले. वहीचे नियम या काळात तेच होते. बदलली ती केवळ घेणाऱ्यांची ओढ. हळदीचा भावही हर्राशीत चढतो आणि पडतो, हे खरे. परंतु भाव कितीही पडला तरी हळद स्वयंपाकघरात लागतेच. रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन व सही असते, आणि सरकार आपला कर त्याच रुपयात स्वीकारते. बिटकॉइनमागे मर्यादा आहे, श्रम आहेत. परंतु द्रव्य नाही आणि वचन देणारा कोणीही नाही. पुढचा घेणारा जितके देईल, तितकेच त्याचे मोल.

हे झाले आद्य नाण्याविषयी. त्याच्या नावावर जी इतर नाणी निघाली, त्यांची गोष्ट अधिक चिंतेची आहे. दुसऱ्याच्या तयार वहीवर स्वतःच्या नावाचे नाणे काढणे आज काही घटकांचे काम आहे. त्यास वीज जाळावी लागत नाही की मर्यादा पाळावी लागत नाही. किती नाणी काढावयाची, त्यांतील किती स्वतःकडे ठेवावयाची आणि पहिला भाव काय सांगावयाचा, हे सारे काढणाराच ठरवतो. 'गेन बिटकॉइन' नामक योजनेचे प्रकरण महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. लोकांनी बिटकॉइन द्यावे आणि त्यावर अठरा महिने दरमहा दहा टक्के घ्यावे, असे त्यात सांगितले जाई. पुढे परतफेडीच्या वेळी लोकांच्या हाती बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' हे योजनेचेच नाणे ठेवण्यात आले, ज्याचे मोल बाजारात कितीतरी कमी होते, असा आरोप आहे. २०१८ मध्ये पुण्यात या प्रकरणी अटका झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर साठांहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. सूत्रधार म्हणून ज्यावर आरोप होता, तो २०२२ मध्येच मरण पावला. अपराध कोणाचा व किती, हे न्यायालय ठरवील. आम्हांस एवढेच विचारावयाचे आहे, की ज्या नाण्याची निपज नियमानेच दर चार वर्षांनी निम्मी होते, त्याच्या खाणीतून दरमहा दहा टक्के निश्चित लाभ निघावा कसा? जूनमध्ये लावलेले बेणे हाती येण्यास आठ-नऊ महिने लागतात. मग काढणी, शिजवणे, वाळवणे, घोळणे, आणि तेव्हा कोठे हळकुंड मोंढ्यावर जाते. काळी आई ज्या वेगाने देत नाही, त्या वेगाने देण्याचे वचन जो देतो, तो बहुधा मागून येणाऱ्याचेच पुढच्यास देत असतो.

कायद्याची स्थितीही ध्यानी असावी. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले; सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो आदेश रद्द केला. १ एप्रिल २०२२ पासून या नफ्यावर तीस टक्के कर आहे. कर घेतला म्हणजे सरकारने हमी दिली, असा समज कोणी करून घेऊ नये. कूटचलन हे आपल्या देशात कायदेशीर चलन नाही. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य जनतेसाठी प्रयोगादाखल आणलेला डिजिटल रुपया ही सर्वस्वी निराळी वस्तू होय. त्यामागे नोटेमागचेच वचन आहे.

आणखी एक गोष्ट कुटुंबवत्सल वाचकांनी मनात घ्यावी. जुलै २०२२ च्या पुरात कुरुंद्यात घरोघरी पाणी शिरले. अशा प्रसंगी पासबुक भिजले तरी बँकेत खाते राहते, आणि कर्ता पुरुष गेला तरी वारसास दाद मागता येते. बिटकॉइन मात्र एका गुप्त किल्लीने बांधलेले असते. जो ती स्वतःजवळ ठेवतो आणि हरवतो, किंवा कोणास न सांगता जग सोडून जातो, त्याचे धन वहीत दिसत राहते पण कोणाच्याही हाती लागत नाही. दाद मागण्यास तेथे कचेरी नाही.

आम्ही नव्या विद्येचे वैरी नाही. ज्यास ही वही वाचता येते, ज्याच्या गाठीशी घरखर्च, बी-बियाणे आणि मुलीबाळींचे शिक्षण यांपलीकडील पैसा आहे, आणि तो सारा बुडाला तरी ज्याची चूल विझणार नाही, त्याने आपल्या जबाबदारीवर काय ते करावे. परंतु हळदीची पट्टी हाती आली की दारी येऊन 'दुप्पट करून देतो' म्हणणारा, मग तो नात्यातला का असेना, त्यास प्रथम तीन प्रश्न विचारावेत. हे नाणे कोणी घडविले? आणखी किती निघणार, हे कोणाच्या हाती आहे? आणि उद्या परत द्यावयाचे झाल्यास रोख रुपये देण्यास कोण बांधलेला आहे? या तिन्हींचे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांस समजेल अशा मराठीत मिळाले नाही, तर ते नाणे तबकात ठेवू नये.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या माताभगिनी नव्या केरसुणीने घर झाडून अलक्ष्मीस बाहेर घालवितात. अलक्ष्मी म्हणजे केवळ दारिद्र्य नव्हे. कष्टाविना येणाऱ्या धनाचा लोभ हेही तिचेच रूप होय. यंदा तो लोभही त्या केरसुणीसरशी उंबऱ्याबाहेर जावो, वहीच्या पहिल्या पानावर सर्वांस वाचता येईल असाच हिशेब मांडला जावो, आणि घामाची लक्ष्मी घरोघरी स्थिर राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.