चाकर परत जात नाही

‘ले व्हिझितर’ हा झाँ-मारी प्वारे यांचा फ्रेंच चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये लागला आणि फ्रान्समध्ये त्याची सुमारे १ कोटी ३७ लाख तिकिटं खपली. त्याच वर्षी आलेला ‘जुरासिक पार्क’सुद्धा तिथे त्याच्या मागे राहिला. गोष्ट सन ११२३ मधली. चेटकिणीच्या करणीमुळे गोदफ्रुआ या सरदाराच्या हातून स्वतःच्या होणाऱ्या सासऱ्याचाच जीव जातो. घडलेलं पुसून टाकायला तो मागच्या काळात जायला निघतो. पण जादूगार काढ्यात लावा पक्ष्याची अंडी घालायला विसरतो आणि सरदार व त्याचा चाकर झाकूय थेट १९९२ मध्ये येऊन पडतात. टपालाची पिवळी गाडी म्हणजे सैतानाचा रथ समजून ते ती फोडतात, संडासाच्या भांड्यातल्या पाण्याने हात-तोंड धुतात, आंघोळीच्या टबात महागड्या अत्तराच्या बाटल्या रिकाम्या करतात. बघणाऱ्यांच्या लक्षात राहतं ते एवढंच.

पुण्यात फ्रेंच शिकवताना मी हा चित्रपट वर्गात नेहमी लावत आले. हसायला मलाही येतं. पण याला नुसता धुडगूस म्हणून हातावेगळा करणं मला पटत नाही. ही गोष्ट सरदाराची नाहीच, चाकराची आहे.

जेवणाचा प्रसंग बघा. सरदाराच्या वंशातली आजची बाई, बेआत्रीस, दोघांना घरी जेवायला घालते. गोदफ्रुआ टेबलाशी बसतो. झाकूय खाली जमिनीवर. मालक मांसाचे तुकडे टाकतो आणि चाकर ते खातो. बेआत्रीसला हे सहन होत नाही. गोदफ्रुआला मात्र ती एवढी का अस्वस्थ झाली, हेच कळत नाही. तो क्रूर नाही. चाकरावर त्याचा जीवही आहे. झाँ रेनो हा गोदफ्रुआ इतक्या सरळपणे उभा करतात, की त्याचा राग धरता येत नाही, आणि नेमकं तेच मला घाबरवतं. एकदा हा प्रसंग संपल्यावर साताऱ्याकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, आमच्या सालगड्याचा कप आजही वेगळा असतो. गोठ्याच्या खिडकीत पालथा घातलेला. आणि आत या म्हटलं, तर तोच नको म्हणतो.” पुढे काय बोलावं, ते तिला सुचेना, मलाही सुचलं नाही.

झाकूय मात्र ‘नको’ म्हणत नाही, आणि म्हणून मला तो प्रिय आहे. दात किडलेला, अंगाला घाण मारणारा, लबाड आणि चोरटा असा हा माणूस. क्रिस्तियाँ क्लाव्हिए त्याला कुठेही गोजिरवाणा करत नाहीत. पण या काळात कोणी कोणाचा बांधील नाही, हे त्याला मालकाच्या कितीतरी आधी उमगतं. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले. गोदफ्रुआच्या लेखी तो कुळाला लागलेला बट्टा, तर झाकूयच्या लेखी ती सुटका. रस्त्यावर राहणारी जिनेत त्याला बरोबरीने वागवते, नवे कपडे घालते, आणि परत निघायची वेळ आली की हा पठ्ठ्या जायला तयार नसतो.

इथे माझं चित्रपटाशी भांडण आहे. सरदाराचा किल्ला आज हॉटेल झालाय आणि त्याचा मालक झाकार हा झाकूयचाच वंशज. ही भूमिकाही क्लाव्हिएच करतात. झाकार नाक वर करून चालणारा, पाहुण्यांपुढे लाळघोटेपणा करणारा, पूर्वजाची लाज वाटून आडनाव बदललेला. शेवटी झाकूय त्यालाच आपल्या जागी ११२३ मध्ये धाडतो आणि बिचारा बाराव्या शतकातल्या चिखलात जाऊन पडतो. थिएटर हसतं. तुकडे फेकणाऱ्याला त्याची वधू परत मिळते, आणि ज्याच्या घराण्याने आठ-साडेआठशे वर्षांत स्वतःचं छप्पर मिळवलं, त्याला पुन्हा वेठीला जुंपलं जातं. चढून आलेल्या माणसाचा तोरा फ्रेंच माणसाला सहन होत नाही हे मान्य, पण तोऱ्याला एवढी शिक्षा? एका चाकराच्या सुटकेसाठी दुसरा चाकर लागावा, हे मी हसून सोडून देऊ शकत नाही.

बेआत्रीस झालेल्या व्हालेरी लमेर्सिए यांना सहायक अभिनेत्रीचा सेझार पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच. १९९८ च्या दुसऱ्या भागात त्या नाहीत आणि ती उणीव जाणवते. २००१ मध्ये रेनो आणि क्लाव्हिए यांनाच घेऊन हॉलिवूडने ही गोष्ट शिकागोत नेली. तिथे ती बेचव झाली. ज्या किल्ल्यात पूर्वज राबला, त्याच किल्ल्याचा आज वंशज मालक आहे, ही गाठ त्या शहरात कुठून आणणार?

ती गाठ आपल्याकडे आहे. पण मराठीत भूतकाळातून कोणी यायचं, तर राजे येतात. २००९ च्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’मध्ये महाराज आले आणि खचलेल्या मराठी माणसाला त्यांनी उभं केलं. त्या चित्रपटाने पुष्कळांना बळ दिलं. पण राजांच्या मागे पाण्याची घागर घेऊन चालणारं कोणी आजच्या काळात आलेलं मला आठवत नाही. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बाया, विकल्या जात, विकत घेतल्या जात; जुन्या दप्तरांत त्यांच्या किमतींसकट नोंदी आहेत. अशी एखादी कुणबीण मालकिणीबरोबर आजच्या शनिवारवाड्यासमोर येऊन पडली तर? मालकीण वाडा कुठे गेला म्हणून आकांत करील. आणि ही मुलगी तिकिटाच्या रांगेत तिच्याशेजारी उभी राहील, कारण तिथे मालकिणीला आणि तिला तिकीट एकच. मग परत जायचा काढा समोर आला की ती काय करील, कोणाला काय सुनावेल, हे मला मराठी पडद्यावर बघायचंय. आणि तो चित्रपट विनोदीच हवा.