होडी चालते का, एवढंच सांगा

माझा भाचा पुण्यात शिकत असताना रोइंगला जायचा. पहाटे सूसहून दुचाकी काढायचा आणि नऊच्या सुमारास परत यायचा. आल्याबरोबर आधी आंघोळ, मग चहा. एकदा मी त्याला विचारलं, "पहिल्या दिवशी काय शिकवतात रे?" वल्हं कसं धरायचं, बसायचं कसं, असं काहीतरी सांगेल अशी माझी अपेक्षा. तो म्हणाला, "मामू, पाण्यात पडलो तर तोंड घट्ट बंद ठेवायचं. बाकी सगळं नंतर."

घरात सगळे हसले. मीही हसलो. मग लक्षात आलं की ज्या पाण्याला तो घाबरतो, ते आमच्याच न्हाणीघरातून निघालेलं आहे.

सूस हे तसं नदीकाठचं गाव म्हणून कुणाला ठाऊक नाही. लोकांना खिंड ठाऊक, बायपास ठाऊक, आता उंच इमारती ठाऊक. पण इथलं पाणी कुठल्याही ओढ्याने गेलं तरी शेवटी मुळेलाच मिळतं. म्हाळुंगे, बालेवाडी, बाणेर, औंध असं करत ती दापोडीपाशी पवनेला भेटते, पुढे संगमावर मुठेला, आणि तिथून मुळा-मुठा बंडगार्डनकडे जाते. याच पट्ट्यात पुण्याच्या होड्या चालतात. सीओईपीचा बोट क्लब आणि त्याची रेगाटा पुणेकरांना माहीत आहे. पंटच्या रांगा, कयाक बॅले, काठावरचं मशाल नृत्य बघायला लोक सहकुटुंब येतात. बंडगार्डनजवळचा रॉयल कॅनॉट बोट क्लब तर १८६८ पासूनचा. तिथे होडी तरंगते ती बंधाऱ्याने पाणी अडवलं म्हणून. तो बंधारा एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या बळावर उभा राहिला. एका माणसाने पैसा पाण्यासाठी दिला, त्यावर पिढ्यान् पिढ्या होड्या चालल्या.

आज पैसा कमी नाही. मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रणासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ९९० कोटींची योजना २०१६ च्या सुरुवातीला मंजूर झाली. अकरा मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प, रोज ३९.६ कोटी लिटरची क्षमता. निविदा, फेरनिविदा, जागांचा ताबा यात वर्षं गेली. काम संपायची मूळ मुदत होती जानेवारी २०२२. त्याच वर्षी, ६ मार्चला, पंतप्रधानांच्या हस्ते नदीकाठ सुधार योजनेचं भूमिपूजन झालं. ही योजना ४४ किलोमीटर काठाची, अंदाजे ४,७२७ कोटींची. कामाला सुरुवात झाली संगमवाडी ते बंडगार्डन या भागात, म्हणजे नेमकं जिथे होड्या चालतात तिथे.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पाणी स्वच्छ करायला ९९० कोटी, काठ सजवायला ४,७२७ कोटी. काठ-योजनेचे समर्थक म्हणतात की तिच्यात नदीत येणारं सांडपाणी अडवणाऱ्या वाहिन्याही आहेत. ते खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. पण वाहिनीने गोळा केलेला मैला शेवटी शुद्धीकरण प्रकल्पातच जायला हवा ना? तो प्रकल्प तयार नसेल तर मैला एका नळातून निघून दुसऱ्या नळाने नदीतच पडणार. क्रम आधी पाण्याचा आणि मग काठाचा हवा. आपल्याकडे काठाचं काम आधी डोळ्यांत भरलं, कारण काठाचा फोटो निघतो.

होडीवाल्यांची मुख्य तक्रार जलपर्णीची आहे. थंडी सरत आली की नदी हिरवीगार होते. लांबून बघणाऱ्याला वाटतं मैदान आहे. वल्हं अडकतं, होडीच्या तळाचं पातं अडकतं, सराव बंद पडतो. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसते, आणि मैलापाण्यात या दोन्हींची ददात नाही. अनुकूल पाणी मिळालं तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. म्हणजे जलपर्णी हा रोग नाही, ते लक्षण आहे. आपण दरवर्षी लक्षण काढायला ठेका देतो आणि रोगाला खाऊ घालतो. पहिला मोठा पूर आला की सगळं वाहून जातं, मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत. पुण्याची नदी स्वच्छ झाली असं आपण समजतो. तिकडे सोलापूर त्या उजनीचं पाणी पितं.

बरं, होडीवाल्याने तक्रार करायची कुणाकडे? वाकडपासून दापोडीपर्यंत मुळेचा एक काठ पुणे महापालिकेचा, समोरचा पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. मध्ये खडकी कॅन्टोन्मेंट आणि लष्कराची हद्द. वरच्या अंगाला ग्रामपंचायती आणि पीएमआरडीए. पूररेषा जलसंपदा विभागाकडे, प्रदूषण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पाणी एक, मालक अर्धा डझन. जलपर्णीला हद्द कळत नाही. एका काठाने ती काढली तरी दुसऱ्या काठाची वाहत येते. एखाद्या घरात सहा सासवा असाव्यात आणि चूल कुणीच पेटवू नये, तशी ही गत.

त्यात मुळेला स्वतःचं पाणी फारसं उरलेलंच नाही. मुळशीच्या धरणाचं पाणी टाटांच्या वीजनिर्मितीसाठी घाट उतरून भिऱ्याकडे, कोकणात जातं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. त्यांचा लढा जमिनीसाठी होता. शंभर वर्षांनंतर खालच्या नदीलाही विचारावंसं वाटतं की तुझ्या वाट्याला काय आलं? उन्हाळ्यात वरून ताजं पाणी नाही आणि बाजूंनी मैला, असा तो वाटा. साबरमतीचं उदाहरण इथे उठसूट दिलं जातं. पण अहमदाबादच्या त्या पात्रात नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणून सोडलेलं आहे. आपल्याकडे कुठून आणणार? नदीत बंधारे घालून पाणी साठवलं तर साठणार ते हेच.

कुणी म्हणेल, शहरात रस्ते नाहीत, प्यायला टँकर लागतात आणि तुम्हाला मूठभर हौशी लोकांच्या होड्यांची काळजी! हा आक्षेप मी आमच्याच सोसायटीत ऐकला आहे. त्याला माझं उत्तर दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी गावचा मुलगा, विहिरी खणण्याची कामं केलेला. सैन्यात गेला, तिथे पहिल्यांदा वल्हं धरलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये जगात तेरावा आला. त्याला घडवणारं लष्कराचं रोइंग केंद्र आपल्याच दापोडीत, सीएमईमध्ये आहे. तिथे लष्कराचा स्वतःचा वेगळा रोइंग चॅनल आहे. नदी जवळून वाहते आणि ऑलिंपिकचा खेळाडू तयार होतो तो बांधलेल्या पाण्यात. हौस कुणाचीही असो, नदी कुणालाच वापरता येत नसेल तर ती सगळ्यांचीच गेली.

बाहेरचं उदाहरण घ्यायचं तर पॅरिसचं घ्यावं. सेन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. २०२४ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने त्यांनी सुमारे १४० कोटी युरो खर्च केले. त्यातून पावसात गटारं तुंबून नदीत जाणारं पाणी धरून ठेवायला ५० हजार घनमीटरची भूमिगत टाकी बांधली. घरांची चुकीची जोडणी सुधारली. नदीत नांगरलेल्या राहत्या होड्यांनाही मैलावाहिनीशी जोडलं. हे सगळं जमिनीखालचं, फोटो न निघणारं काम. स्पर्धेच्या आधी महापौरबाईंनी स्वतः नदीत उडी मारली. पाऊस झाल्यावर काही दिवस पाणी पुन्हा बिघडलं, हेही खरं. पण २०२५ च्या उन्हाळ्यात सामान्य लोक तिथे पोहले. त्यांनी पैशाचं यश एका साध्या प्रश्नाने मोजलं, माणूस पाण्यात उतरू शकतो का? आपण किती किलोमीटर पायवाट झाली ते मोजतो.

आणि आता घरचं सांगतो. सूस जून २०२१ अखेर इतर बावीस गावांबरोबर महापालिकेत गेलं. जायकाची ती योजना आखली तेव्हा आम्ही हद्दीत नव्हतो, म्हणून आमचा मैला त्या हिशेबात नाही. आमच्या सोसायटीला स्वतःचा एसटीपी आहे. कागदावर तो रोज चालतो. प्रत्यक्षात त्याचा ब्लोअर महिन्यातले बरेच दिवस बंद असायचा, कारण वीजबिल. हे मला कळलं त्याच सभेत प्रवेशद्वाराला नवीन ग्रॅनाइट आणि कारंजं बसवायचा ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा महापालिकेला काठ सजवल्याबद्दल बोल लावताना माझी जीभ थोडी अडखळते. आम्ही चाळीस-पन्नास घरांनी जे केलं, तेच शहराने ४४ किलोमीटरवर केलं.

नंतरच्या सभेत मी भाच्याची तोंड बंद ठेवायची गोष्ट सांगितली. थोडी चिडचिड झाली, पण दर महिन्याच्या देखभाल-वर्गणीत एसटीपीची रक्कम वेगळी दाखवायचं ठरलं. ब्लोअर आता चालतो. वास येत नाही, म्हणून कळतं.

सरकारकडे माझं मागणं याहून फार मोठं नाही. दोन्ही काठांसाठी आणि वरच्या गावांसाठी मिळून एक जबाबदार अधिकारी असावा, ज्याचं नाव नदीवर लिहिलेलं असेल. जलपर्णीचा ठेका किती टन काढली यावर न देता, नदी वर्षात किती दिवस होडीला मोकळी राहिली यावर द्यावा. पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला बोट क्लबच्या आणि घाटाच्या फलकावर मराठीत लावावेत. नव्या गावांचा मैला शुद्ध व्हायची सोय होईपर्यंत काठाच्या पुढच्या टप्प्याचा पैसा थांबवावा. आणि हे सगळं ठरतं त्या बैठकीत होडी चालवणाऱ्यांना आणि मासे धरणाऱ्यांना बोलवावं. नदीवरच्या पुलावरून आपण सगळेच जातो. तिच्या पाण्याला रोज हात लागतो तो यांचाच.

पुढच्या वेळी कुणी नदीच्या कामाचा अहवाल दाखवला तर त्यातली चित्रं बाजूला ठेवा आणि एकच विचारा. त्या पाण्यात होडी चालते का? आणि पोर पडलं, तर त्याला तोंड उघडून हसता येईल का?