आकाशातील कथा आणि घरातील मौन

माघ वद्य चतुर्दशीचा दिवस उजाडला की अंबरनाथच्या साऱ्या वाटा एकाच दिशेस वाहू लागतात. आनंदनगरच्या कारखान्यांतून रात्रपाळी आटोपून निघालेला कामगार, उल्हासनगर-बदलापूरहून सहकुटुंब आलेला गृहस्थ, पदराखाली बेलाची पाने जपत चाललेली वृद्धा, सारे वालधुनीच्या काठच्या त्या पाषाणमंदिराकडे निघतात. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तेथे आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीत पूर्णत्वास गेलेले हे शिवालय. त्याच्या गाभाऱ्यात जाण्यास पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. सुमारे वीस पायऱ्या उतरून पिंडीसमोर उभे राहावे आणि मान वर करावी, तो शिखराच्या जागी दिसते मोकळे आकाश. अंबरनाथाच्या मस्तकावर छत्र आहे ते अंबराचेच.

या पुण्यपर्वावर आकाशाचा विषय आम्ही मुद्दाम काढीत आहो, त्यास एक निमित्त घडले. आनंदनगरातील आमच्या परिचयाच्या एका सुशील घरी गतवर्षी महाशिवरात्रीच्या सायंकाळी आजीने कथेस आरंभ केला. आठ वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, मला माहीत आहे गोष्ट. खूप मोठा पूर येतो. देव एका म्हाताऱ्या माणसाला मोठी नाव बांधायला सांगतो. मग सगळ्या प्राण्यांची जोडी जोडी नावेत जाते." आजी चकित झाल्या. ही कथा पोरास कोणी सांगितली? मुलाने भाबडेपणाने उत्तर दिले, "मोबाईलवर. त्यात एक यंत्रमानव आहे. तो मुलांना जुन्या काळात घेऊन जातो."

ती कथा ख्रिस्ती धर्मग्रंथातील नोहाची. मुलाचे वडील संतापले आणि त्यांनी मोबाईल काढून घेतला. मुलगा रडला नाही. त्याने इतकेच विचारले, "बाबा, मग आपल्या पुराची गोष्ट कोणती?" वडील स्तब्ध राहिले. आपल्याकडेही प्रलय आहे, मनूची नाव आहे, तिला ओढून नेणारा मत्स्य आहे, एवढे त्यांना अंधुक आठवत होते. परंतु कथा सांगावयाची, तर तिचा आरंभ कोठून करावा हेच त्यांस उमगेना. शतपथ ब्राह्मणात आलेली आणि पुढे मत्स्यावताराच्या रूपाने पुराणांत विस्तारलेली ही कथा त्या घरात कोणीही बालकास सांगितली नव्हती.

ते घर आमचेही असू शकले असते, आणि वाचकांचेही. म्हणून या प्रश्नाचा विचार संतापाने नव्हे, शांत चित्ताने केला पाहिजे.

मुलाने जी मालिका पाहिली ती 'सुपरबुक' होय. अमेरिकेतील ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्क या धर्मप्रचारक संस्थेसाठी जपानच्या तात्सुनोको या चित्रसंस्थेने १९८१ साली ती प्रथम सिद्ध केली. ख्रिस आणि जॉय ही दोन मुले आणि गिझ्मो नावाचा यंत्रमानव एका अद्भुत ग्रंथाच्या योगे प्राचीन काळात जाऊन पोहोचतात आणि बायबलातील प्रसंग डोळ्यांनी पाहतात, अशी तिची रचना. पाठोपाठ १९८२ साली त्याच संस्थेची 'द फ्लाइंग हाऊस' ही मालिका आली. तीत तर एका प्राध्यापकाचे घरच उडते आणि काळाच्या पलीकडे जाते. २०११ पासून 'सुपरबुक' नव्या संगणकीय चित्रतंत्राने पुन्हा तयार झाले. हिंदीसह जगातील अनेक भाषांत ते मुलांच्या हाती पोहोचले आहे. यंत्रमानव, कालप्रवास, अंतराळवीरांस शोभतील अशी साधने, हा सारा साज आजच्या बालमनास मोहविणारा आहे. साजाच्या आत मात्र जुनाच उपदेश असतो. प्रारंभी मुलाच्या हातून काही चूक घडते, खोटे बोलणे, मत्सर, आज्ञाभंग. मग ग्रंथ त्यास एखाद्या प्राचीन पुरुषाच्या सन्निध नेतो आणि परत आल्यावर मूल सुधारते.

सत्य बोलावे, मत्सर करू नये, हा उपदेश कोणत्या धर्मास परका आहे? तथापि दुसरी बाजूही लपवू नये. ही मालिका निव्वळ नीतिकथांसाठी निर्माण झालेली नाही. बालकांनी ख्रिस्ताच्या ठायी श्रद्धा ठेवावी, हा तिचा प्रकट हेतू आहे, आणि तो हेतू निर्मात्यांनी कधी दडविलेला नाही. तेव्हा पालकांस हे ठाऊक असणे त्यांचा अधिकारही आहे आणि कर्तव्यही. ठाऊक झाल्यावर करावयाचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

एक उत्तर सोपे आहे: बंदी घालावी. आम्हांस ते उत्तर दुबळे वाटते. महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहिल्यास त्याचे कारण कळून येईल. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि आमच्या संतांनी घराघरांत रुजविलेल्या ओवीछंदात त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचिले. ते १६१६ साली छापले गेले. नवा विचार सांगावयाचा तर तो लोकांच्या अंगवळणी पडलेल्या घाटातूनच सांगितला पाहिजे, हे त्याने ओळखले. त्या काळी तो घाट ओवीचा होता, आज तो यंत्रमानवाचा आणि उडत्या घराचा आहे. प्रचाराची ही रीत चारशे वर्षांची जुनी असून तिने आमचा हरिपाठ बंद पाडला नाही, कारण त्या काळी ओवी ऐकणाऱ्या घरात ओवी म्हणणारेही होते.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मराठी मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे सचित्र मासिक काढले. त्याविरुद्ध नुसता कोलाहल करीत न बसता विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' हे मासिक सुरू केले आणि १९१४ साली देहावसान होईपर्यंत, तेहतीस वर्षे, ते चालविले. एका मासिकास उत्तर म्हणून दुसरे अधिक चांगले मासिक काढणे, हा मराठी माणसाचा खरा बाणा होय. पुढे १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक 'फुलामुलांचे कवी' म्हणून घरोघरी पोहोचले. घायाळ पक्षिणीवरील त्यांची कविता वाचून कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या अश्रूंनी कोणाचे कुलदैवत वाहून गेले नाही. ज्याचे घर भरलेले असते त्यास पाहुण्याचे भय नसते.

रिकाम्या घराची गोष्ट मात्र वेगळी. १९९१ साली, सोव्हिएत राजवटीच्या अखेरीस, हेच 'सुपरबुक' तेथील दूरचित्रवाणीवर दाखविले गेले आणि मुलांच्या पत्रांचे ढीग येऊन पडले. त्या देशात दोन-तीन पिढ्या घराघरांतून धर्मकथांचा उच्चार मंदावला होता. जेथे आजीचा आवाज बंद पडतो तेथे जो कोणी प्रथम बोलेल त्याचे मूल ऐकते. मुलाची तहान खरी असते. पाणी कोणत्या विहिरीचे, हे ते विचारीत नाही.

आमच्या विहिरी आटल्या आहेत काय? मुळीच नाही. परंतु त्यांवर रहाट चालवावयास आम्हांस वेळ नाही. आपल्या देवतांच्या चित्रमालिका आता विपुल झाल्या, त्यांचे आम्ही स्वागतच करतो. १९९२ साली युगो साको आणि राम मोहन यांनी जपानी व भारतीय कलावंतांच्या सहकार्याने रामायणावर जो चित्रपट केला, तो २०२५ च्या जानेवारीत आपल्या चित्रपटगृहांत आला तेव्हा आजोबा आणि नातू शेजारी बसून पाहत होते. तरीही एक खंत बोलून दाखवावीशी वाटते. पुष्कळ मालिकांतून देव म्हणजे केवळ बाहुबळ, राक्षस म्हणजे केवळ मार खाणारा, एवढेच उरते. हनुमंताची उडी दिसते, पण त्या उडीमागील दास्यभाव दिसत नाही. याहून कठीण गोष्ट अशी की चांगली मालिका असली तरी आम्ही ती मुलाच्या हाती देतो आणि आपल्या कामास निघून जातो. 'सुपरबुक' या मालिकेचे मूळ जपानी नाव आम्हांस येथे फार बोधप्रद वाटते. त्याचा अर्थ आहे, माता-पिता आणि मुले यांचे चित्र-नाट्यगृह. निर्मात्यांस जे सुचले ते आम्हांस विसरून चालणार नाही. कथा ही दोघांनी मिळून पाहावयाची वस्तू आहे.

आणि आजची रात्र तर अशा कथेचीच आहे. अंतराळ आणि नीती यांचा संगम पाहण्यास आम्हांस उडत्या घराची आवश्यकता नाही. महाशिवरात्रीची व्याधाची कथा कोणत्या घरी ठाऊक नाही? पारधी बेलाच्या झाडावर दबा धरून बसतो, नकळत बेलाची पाने खाली पिंडीवर पडत राहतात. एकामागून एक हरिणी येते, हरीण येतो. प्रत्येक जण म्हणतो, 'मला मार, पण पाडसांची व्यवस्था लावून येऊ दे.' पारधी विश्वास ठेवतो, आणि मृग दिलेल्या शब्दास जागून परत येतात. पाडसांसह सारे कुटुंब मरणासाठी समोर उभे राहते, तेव्हा पारध्याच्या हातून धनुष्य गळून पडते. आपल्या घरोघरी सांगितली जाणारी कथा येथे थांबत नाही. शंकर प्रसन्न होतात आणि मृगास व व्याधास आकाशात स्थान देतात.

हा नुसता अलंकार नव्हे. माघ वद्य चतुर्दशीची रात्र चंद्राविना असते, चंद्रकोर उगवते ती पहाटेच्या सुमारास. दिवेलागणीनंतर गच्चीवर जावे आणि डोक्यावरून किंचित दक्षिणेस पाहावे. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याच्या मध्यभागी एका ओळीत तीन तारे, तेच मृग नक्षत्र. त्या तीन ताऱ्यांची रेषा आग्नेयेकडे वाढविली की एक अतितेजस्वी तारा भेटतो. तोच व्याध. रात्रीच्या आकाशात याहून तेजस्वी तारा नाही, म्हणून आनंदनगरच्या दिव्यांच्या झगमगाटातही तो लपत नाही. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. आठ-नऊ वर्षांच्या बालकास सांगावे, 'बाळा, तू जन्मलास त्या सुमारास निघालेला प्रकाश आज तुझ्या डोळ्यांत उतरत आहे.' कोणता यंत्रमानव याहून मोठा कालप्रवास घडवील?

चाणाक्ष मूल विचारील, 'पारध्याने बाण सोडलाच नाही, मग मृगाच्या पोटात ते तीन तारे बाणासारखे का दिसतात?' या प्रश्नाने बावरून जाऊ नये. ऐतरेय ब्राह्मणात दुसरी कथा आहे. तीत प्रजापती मर्यादा सोडून मृगरूपाने धावतो आणि रुद्र त्यास बाणाने विंधतो. एका कथेत मर्यादा सोडणाऱ्यास बाण लागतो, दुसरीत शब्द पाळणाऱ्यापुढे बाण गळून पडतो. एकाच नक्षत्रावर लिहिलेले हे धर्माचे दोन धडे. याच मृगशीर्षाच्या आधारे लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' ग्रंथात वेदांच्या प्राचीनत्वाचा विचार मांडला. मुलाच्या एका प्रश्नातून पुराण, वेद आणि ज्योतिर्विज्ञान या तिन्हींची दारे उघडतात. ती उघडण्यास मात्र शेजारी कोणी वडीलधारे माणूस असावे लागते.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. शेजारधर्माच्या कथेचा तिरस्कार मुलास शिकवू नये. नोहाची नाव त्याने पाहिली असेल तर तिच्या शेजारी मनूची नाव आणून ठेवावी. कोणती कथा कोणाची, हे त्यास स्वच्छ सांगावे, कारण अज्ञानातून आदर उपजत नाही आणि श्रद्धाही उपजत नाही. मुलाने जे पाहिले ते एकदा आपणही त्याच्याजवळ बसून पाहावे. आणि मोबाईल काढून घ्यावयाचा असेल तर रिकामा झालेला तो हात आपल्या हातात घ्यावा. काढून घेणे सोपे आहे, त्या जागी काही देणे हेच आपल्या संस्कृतीचे काम आहे.

त्या घरी पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. वडील त्या रात्री निरुत्तर झाले खरे, परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या आईस विचारून मत्स्यावताराची कथा ऐकली, आणि मग मुलास सांगितली. सांगताना दोन ठिकाणी ते चुकले, आजीने त्यांस सुधारले. मुलास त्या चुकांचे फार हसू आले, आणि कथा त्याच्या पक्की स्मरणात राहिली.

आज जागरणाची रात्र आहे. दर्शनास गेलेल्यांनी अंबरनाथाच्या गाभाऱ्यातून मान वर करून आकाश पाहावे. घरी असलेल्यांनी मुलांस गच्चीवर न्यावे, व्याध दाखवावा आणि शब्द पाळणाऱ्या हरिणांची कथा आपल्या मुखाने सांगावी. महादेवाच्या चरणी वाहिलेल्या बेलाच्या पानांत या कथेचेही एक पान असू द्यावे.